बोटानं शोधलेली गळती

त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधाची साधी गोळीही त्यानं कधी कुणाला दिली नव्हती. ट्रॅक्टर मात्र असे तपासायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता जीभ बाहेर काढायला सांगतो की काय. तेल कुठून गळतंय हे शोधण्यात त्याचा हातखंडा होता. उजव्या हाताचं पहिलं बोट तो पाइपवरून हळूहळू फिरवायचा, डोळे मिटायचा आणि एका जागी थांबून म्हणायचा, "इथं." याला तो नाडी बघणं म्हणायचा. तीस वर्षांत हे 'इथं' फारसं चुकलं नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी काही शिकवायला जायचा प्रश्नच नव्हता.

पत्र्याच्या शेडमध्ये दोघे भाऊ काम करायचे. वैद्य थोरला. धाकटाही पन्नाशीला टेकलेला. इंजिन खोलून पुन्हा बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं ते "वैद्य आहेत का?" एवढंच. "आहेत, आत आहेत," असं सांगण्यात धाकट्याचा जन्म गेला. भावावर त्याचा जीव होता, यात शंका नको. तरी मनात एक सल होता, आणि तो थट्टेतून बाहेर पडायचा. त्याच्या जिभेला हाडच नव्हतं.

त्या दिवशी आलेला ट्रॅक्टर चाळीस वर्षांचा होता. मालक म्हणाला, "रोज तेल भरतोय, रोज कमी होतंय. नांगर उचलताना थरथरतो."

"तेल कमी झालं की पंप हवा ओढतो. थरथरणारच," वैद्य म्हणाला.

तेल खाली टपकत होतं मागच्या नटाजवळ. नवशिक्यानं तोच नट आवळला असता. वैद्यानं आधी डिझेल मारून सगळा सांगाडा धुतला, फडक्यानं कोरडा पुसला, इंजिन चालू करायला लावलं आणि उकिडवा बसून राहिला. तेल टपकतं खाली, पण येतं वरून, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नटाच्या वर, पंपाकडून नांगर उचलणाऱ्या लिफ्टकडे जाणारी लोखंडी नळी गिअरबॉक्सच्या बगलेतून गेलेली होती. तिची मागची बाजू दिसत नव्हती. तिथं नळीला धरून ठेवणारी पट्टी घासून घासून लोखंड झिजलं असणार.

"लिव्हर ओढ," त्यानं सांगितलं.

धाकट्यानं लिव्हर ओढली. नांगर पार वर जाऊन अडला, तरी त्यानं ती तशीच धरून ठेवली. पंप कण्हायला लागला. आता नळीतलं तेल पुऱ्या दाबात होतं. नेहमीची पद्धत. वैद्यानं नळीमागे बोट घातलं, डोळे मिटले आणि लगेच हात मागे ओढला.

"इथं. टोचलं जरा."

बोटाच्या टोकाला एक पांढरा ठिपका होता. रक्ताचा टिपूस नाही. त्यानं बोट पँटला पुसलं आणि इंजिन बंद करायला सांगितलं. सकाळचे दहा वाजले असतील. नळी उतरवल्यावर भोक दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं. मालकानं हात जोडले.

नवी नळी बाजारातून यायला एक वाजला. तोवर वैद्याचं बोट फुगलं होतं, आणि त्याचा रंग मेणासारखा झाला होता.

"अरे, हात जड झालाय," तो धाकट्याला म्हणाला. "बोट तर माझं वाटतच नाही. दवाखान्यात जाऊन येऊ का?"

त्यानं विचारलं होतं. एरवी तो सांगून मोकळा व्हायचा.

धाकटा मालकाकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "काय दादा! टाचणी टोचली म्हणून वैद्यच दवाखान्यात निघाला? लोक तोंडात बोटं घालतील! आधी नळी बसवू, मग जा खुशाल मिरवत."

मालक हसला. वैद्यही हसला आणि डाव्या हातानं पाना उचलला. धाकट्याला त्या क्षणी फार बरं वाटलं. हे त्याला नंतर विसरता येईना.

नळी बसली, नांगर न थरथरता वर गेला, ट्रॅक्टर गेला. तोवर पाच वाजले होते. आता कशाला, सकाळपर्यंत उतरेल, म्हणत वैद्य घरी गेला. बायकोनं गरम पाण्यात मीठ घालून हात शेकला. तेही चुकलंच, शेकानं सूज वाढते, पण तिला बिचारीला कोण सांगणार?

सकाळी हात मनगटापर्यंत काळानिळा होता. धाकट्यानं भाड्याची गाडी करून भावाला आणि वहिनीला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून पाहिला.

"हे टोचलेलं नाही. तेल आत घुसलंय. एवढ्या दाबाचं तेल कातडी फोडून पार मनगटापर्यंत पसरतं, आणि वरून काही दिसत नाही. कधी झालं?"

"काल. दहाच्या सुमारास."

"काल?" बाईंचा आवाज चढला. "पहिल्या पाच-सहा तासांत आणलं असतं तर हात चिरून तेल काढलं असतं. आता हातच मनगटापासून काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. दिवसभर थांबायला सांगितलं कुणी?"

धाकट्यानं मनातल्या मनात हिशेब केला. दहा ते एक. तीनच तास झाले होते.

"कुणी नाही," वैद्य म्हणाला. "माझंच डोकं. काम सोडून यायचं नव्हतं."

बाई सहीचे कागद आणायला गेल्या. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता तो काढला.

"जन्मभर कुणाचं ऐकलं नाही या माणसानं," ती रडत म्हणाली आणि दिराकडे वळली. "भाऊजी, तुम्ही तिथंच होता ना? तुम्ही तरी सांगायचं होतं, की दादा, जाऊन ये म्हणून!"

धाकट्यानं भावाकडे पाहिलं. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"सांगितलं होतं, वहिनी," तो म्हणाला.

वैद्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "हो. त्यानं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."