नाबाद मेजर
मेजर सदानंद परुळेकर फौजेत दातांचे डॉक्टर होते आणि पलटणीचे सलामीचे फलंदाजही. अख्ख्या नोकरीत एकाही जवानाने आपला त्रिफळा उडवला नाही, याचा त्यांना कोण अभिमान. शनिवारी त्यांना गोलंदाजी करणारा जवान सोमवारी त्यांच्याच खुर्चीत आ वासून बसायचा, हे मात्र साहेबांच्या कधी ध्यानात आले नाही. पत्नी सरलाच्या पहिल्याच वर्षी आले होते. पण नवऱ्याच्या सुखात माती कशाला कालवा, म्हणून ती गप्प राहिली.

ब्याऐंशी साली पेन्शन घेऊन त्यांनी जामसंड्यात दवाखाना थाटला. पंचक्रोशीत दातांचा दुसरा डॉक्टर नव्हता, त्यामुळे मेजर सड्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या कातळमाळावरच्या, सामन्यांतही नाबाद. पोरे हळुवार फुलटॉस टाकत. पायचीतचे अपील झालेच तर अंपायर आभाळाकडे बघे. त्याची अक्कलदाढ ठणकत होती, त्याचा तरी काय दोष!

"एक चांगलो बोलर व्हयो गो," मेजर जेवताना म्हणत. "ह्या पोरांत दम नाय."

ते हे अगदी मनापासून म्हणत. सरला आमटी वाढत राही.

मग खारेपाटणचा संघ आला. त्यांचा बाबली, पन्नाशीचा शेतकरी, लुंगी वर खोचून धावत आला आणि पहिल्याच चेंडूवर मेजरांची मधली यष्टी उडाली. जामसंड्याचा कप्तान बाबलीवर धावून गेला.

"मेल्या, मेजर ते! उद्या दात दुखाक लागलो काय खंय जातलस?"

बाबली बोळके पसरून हसला. "माजे सगळे दात त्येंनीच काडले. आता खंयच्या दातासाठी भिऊ?"

मेजरांनी हे ऐकले. घरी येऊन त्यांनी एवढेच विचारले, "तुका म्हायत होता?"

"लग्न झाल्यापासून," सरला म्हणाली.

दोन दिवस त्यांनी दवाखाना उघडला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र अंगणात बॅट घेऊन उभे. आयुष्यात पहिल्यांदा खरा गोलंदाज भेटला होता, आणि पुढच्या महिन्यात तो पुन्हा येणार होता. मेजर इतके खूश झाले की बाबलीला बोलावून त्यांनी फुकट कवळी बसवून दिली. एवढा गुणी माणूस नुसत्या पेजेवर जगतो म्हणजे काय? सरलाला 'नको' म्हणावेसे वाटले. पण गप्प बसायची सवय जुनी.

पुढच्या सामन्यात मेजर छाती काढून उभे राहिले. बाबली धावत आला, नवे दात चमकले, आणि फुलटॉस पडला. अगदी मऊ. मेजरांनी तो परत ढकलला.

"कवळी हिरडेक जरा घासता, मेजरांनू," बाबली अदबीने म्हणाला. "मॅच झाल्यार बघशात?"

मेजर पुन्हा पवित्रा घेऊन उभे राहिले. पुढचा चेंडूही तसाच आला. त्यांनी बॅट उचलून धरली आणि तो सरळ यष्टीवर जाऊ दिला.

अंपायर म्हणाला, "नो बॉल."