वारुळावरचा शेंदूर

आमच्या ह्यांनी आयुष्यभर अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि देवापुढे कधी हात जोडले नाहीत. सासूबाईंनी त्यांचा नाद सोडला होता, पुढे मीही सोडला. त्यामुळे निवृत्तीनंतर एका सकाळी त्यांनी मला बाजारातून शेंदूर आणायला सांगितला तेव्हा मला हसूच आलं.

शेंदूर हवा होता एका वारुळासाठी. अकोटच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाच्या कडेला ते वारूळ होतं. पावसाळ्यात त्यावर करंगळीएवढी, निळसर टोकदार टोपीची अळंबी उगवायची. ह्यांनी नमुना जाणकारांकडे पाठवला. ही जात आपल्याकडे कुणी नोंदवलेली नाही, जागा जपा, असं उत्तर आलं. मग ह्यांनी तो सगळा पायथा पालथा घातला, पण ती दुसरीकडे कुठे मिळाली नाही. वारुळातल्या वाळवीच्या जिवावर ती जगायची. वाळवी मेली की तीही गेली, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मला कंटाळा आला होता.

तिथले लोक खायच्या सात्या, म्हणजे वारुळावरची मोठी अळंबी, शोधताना कुदळीने वारुळं फोडतात. ह्यांनी पाटी लावली तर ती कुणाच्या तरी शेळ्यांच्या गोठ्यावर जाऊन बसली. शेवटी पायथ्याच्या गावातली, अकोटला भाजी विकायला जाणारी एक बाई म्हणाली, "सर, एक गोटा ठेवा अन् शेंदूर लावून द्या. मंग कोन हात लावते?"

ह्यांनी तसंच केलं. बोटं लाल करून घरी आले, आणि लाजले थोडे. पण उपाय लागू पडला. कुदळी थांबल्या. पुढच्या पावसाळ्यात अळंबी भरपूर आली, आणि हे इतके खूश की मला न विचारता जिलेबी घेऊन आले.

मग तिथे कुणीतरी दिवा लावला. हळद पडली, नारळ फुटले. नागपंचमीला दुधाच्या पिशव्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. हे गावात जाऊन सांगून आले, अहो, हा देव नाही, तो शेंदूर मी लावला. एका म्हाताऱ्याने त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "काहून असं बोलून राह्यले सर? देवानंच तुमच्या हातानं लावून घेतला."

हे चहा पिऊन परत आले.

यंदा श्रावणात गावाने आम्हा दोघांना पूजेला बोलावलं. टिनाची शेड, लाकडी चौकट, भोवती पांढरी फरशी. वारुळाचा फक्त शेंडा फरशीतून वर दिसत होता. आधी दिसायची ती ओली भुसभुशीत माती कुठेच नव्हती. भाजीवाली बाई मोठ्या कौतुकाने सगळं दाखवत होती. "चौकटीले वाळवी लागून राह्यली होती सर. आमी वर्गणी करून औषध टाकलं, पार आतपर्यंत. आता एक किडा नाई."

पहिला मान सरांचा, म्हणून कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला. मला वाटलं, आता हे रागावतील, निदान तो खाली ठेवतील. त्यांनी तो फोडला. पाणी फरशीवरून वाहून कोपऱ्यात जमलं. सगळ्यांनी हात जोडले, त्यांनीही जोडले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही.

परतीच्या एसटीत मूठभर खोबरं त्यांच्या रुमालात होतं. खिडकीबाहेर कपाशी मागे पडत होती. ते म्हणाले, "खोल कुठे वाळवी वाचली असेल, नाही?"

"असेल," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग रुमाल उघडून त्यांनी खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि एक स्वतः खाल्ला. मीही खाल्ला. कशालाच चव नव्हती.