विधवा लिहिलं तर तेलाचा डबा जास्त

"मग विधवा लिहून टाकू का काकू? दर महिन्याला तेलाचा एक डबा जास्त मिळेल."

हे वाक्य मी पालममध्ये, माझ्या मावशीच्या घरात, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या एका बाईला म्हणाले. हसतमुखाने म्हणाले. माझ्या हातात टॅबलेट होता, तिच्या हातात पोह्यांची ताटली होती, आणि बायकांचे प्रश्न समजून घेण्याच्या नोकरीत मला चौदा वर्षं झाली होती.

ही वेळ माझ्यावर कशी आली ते आधी सांगते, म्हणजे मी किती शहाणी होते ते नीट कळेल.

माझ्या पदाला जेंडर अ‍ॅडव्हायजर म्हणतात. परभणीतल्या माझ्या निम्म्या नातेवाइकांना मी बँकेत आहे असं वाटतं. उरलेल्यांना मी परदेशात 'बायकांचं काहीतरी' करते एवढं ठाऊक आहे, आणि ते बरोबर आहे. एखाद्या देशात युद्ध पेटलं की माणसं घरंदारं सोडून पळतात आणि कॅम्पात येऊन राहतात. तिथं धान्य, तेल, तंबू, पाणी वाटलं जातं. वाटलेलं बाईच्या हातात पोचतं का, रांगेत तिला काही धोका आहे का, संडास इतका लांब तर नाही ना की ती जाणारच नाही, याचा आधीच विचार करून योजना आखायची, हे माझं काम. योजना म्हणजे बहुतेक वेळा फॉर्म.

त्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कॅम्पात आधी रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर असायचं. काही नवरे धान्य उचलून परस्पर विकायचे, काही दुसऱ्या बायकोच्या तंबूत नेऊन टाकायचे. ते थांबवायला मी नवी नोंदणी आखली. बाई विवाहित असेल तर कार्डावर दोघांचे अंगठे, म्हणजे नवरा एकटा जाऊन धान्य उचलू शकणार नाही. विधवा असेल तर तिचा एकटीचा अंगठा, वर तेलाचा एक डबा जादा. अविवाहित किंवा घटस्फोटित असेल तरीही एकटीचा अंगठा. असे चार पर्याय. टॅबलेटवर बोट ठेवायचं आणि चारांतला एक निवडायचा. सगळा मिळून अडीच पानांचा फॉर्म झाला. मुख्य ऑफिसातून माझा बॉस एरिक याने मेल केला, "ब्युटिफुल." तो मेल मी प्रिंट काढून ठेवला आहे, काय करणार.

मग नादियाचा फोन आला. नादिया ही त्या कॅम्पात नोंदणीच्या टेबलावर बसणारी आमची ऑफिसर, तिथलीच मुलगी.

"मरियम नावाची एक बाई आज तिसऱ्यांदा परत गेली," ती म्हणाली. "तीन लेकरं आहेत. नवऱ्याला चेकपोस्टवर बसमधून उतरवून नेलं, दोन वर्षं पत्ता नाही. विवाहित लिहिलं की सिस्टीम नवऱ्याचा अंगठा मागते. विधवा लिहायला ती तयार नाही. अशा आणखी आहेत."

"तेलाचा डबा जास्त आहे ते सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग?"

"उठून गेली."

मी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अवेअरनेस सेशन घेऊ." म्हणजे बायकांना एकत्र बसवून त्यांचं भलं कशात आहे ते आपण त्यांना समजावून सांगायचं. मी लगेच एक चित्रांचं पत्रकसुद्धा करायला घेतलं. चित्रात एक बाई तेलाचा डबा कडेवर घेऊन हसत होती. हे लिहिताना आत्ताही माझे कान गरम झालेत.

जुनी कार्डं एक तारखेला बंद होणार होती. आठ दिवस उरले होते. नव्या यादीत नाव नाही तर धान्य नाही, इतकं साधं गणित होतं. मरियम आजवर नवऱ्याच्या जुन्या कार्डावर धान्य उचलत होती, आणि नव्या यादीत तिचं नाव नव्हतं.

मी तेव्हा सुट्टीवर पालमला मावशीकडे आले होते. तिथं एरिकचा मेल आला, "फॉर्म ग्रामीण बायकांवर टेस्ट केलास ना?" आमच्यात नियम आहे. नवा फॉर्म आधी दोन-चार अनोळखी माणसांना वाचून दाखवायचा, प्रश्न समजतात का ते बघायचं. मी ते साफ विसरले होते. मी उत्तर दिलं, "उद्या करते आहे." कुठल्या गावातल्या बायका, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पालम तालुक्याचं ठिकाण आहे, पण एवढं बारीक एरिकला कुठं ठाऊक!

मावशीने तीन शेजारणींना बोलावलं आणि पोहे केले. प्रश्न मी मराठीत करून ठेवले होते. पहिल्या दोघी झटक्यात पार पडल्या. नवऱ्याचा अंगठा लागेल म्हटल्यावर त्यातली एक फक्त म्हणाली, "त्यायला उठवावं लागंल, आत्ताच आडवे झालेत." मी खूश. तिसऱ्या होत्या सुभद्राकाकू. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी आहे. पन्नाशी उलटलेली, भुवयांवर कायम पिठाची पुटं, आवाज खणखणीत.

"लग्न झालंय?" मी विचारलं.

"व्हय की."

मी 'विवाहित' दाबलं. "मग दोघांचे अंगठे लागतील. मालक कुठं आहेत?"

"गेलेत."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात खोकली. मला वाटलं ठसका लागला.

"कुठं गेलेत?"

"परभनीला जातो म्हनून यष्टीत बसले. अकरा वर्सं झाली."

"म्हणजे वारले?"

"कोन म्हनलं तुला?"

मावशी पुन्हा खोकली. माझं लक्ष टॅबलेटवर. सिस्टीमला अंगठा हवा होता आणि मला टेस्ट उरकायची होती. तेव्हा मी ते वाक्य म्हणाले.

सुभद्राकाकूंनी ताटली खाली ठेवली.

"एका डब्यापायी मी माझ्या हातानं त्यायला मारू? माझं कुंकू पुसायला निघालीस व्हय गं, पोरी? ते बी पोहे खायला बसवून?"

"अहो काकू, हे खरं नाही. नुसती टेस्ट आहे."

"खरं न्हाई, तर मंग इचारायलीस कामून?"

काकू उठल्या, पदर झटकला आणि चालत्या झाल्या. बाकीच्या दोघींनाही एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. तीन ताटल्या अर्धवट राहिल्या.

"अगं भवाने!" मावशीने कपाळावर हात मारला. "काय केलंस हे? दर दिवाळीला त्याच्या मापाचा सदरा आणून ठिवती ती. मी मरायलेय खोकून खोकून, तुझं ध्यान कुठं हाय?"

"मला वाटलं ठसका लागला."

"लय शिकलीस बाई." तिने ताटल्या गोळा केल्या आणि जाता जाता सहज विचारलं, "अन् तुझं काय गं? तू तुझ्या हापिसात काय लिवलंस?"

माझा नवरा आणि मी चार वर्षं वेगळे राहतो. तो पुण्यात, मी नोकरी नेईल तिथं. कोर्टात दोघंही गेलेलो नाही. ऑफिसचा फॉर्म दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी 'विवाहित' दाबते. का, तर दुसरं काही दाबलं तर ते खरं होईल अशी भीती वाटते. माझा पगार थांबवून कुणी माझ्याकडे त्याचा अंगठा मागत नाही, म्हणून हे आजवर चाललं. मला स्वतःला चारांत जागा सापडत नव्हती, आणि मी मरियमसाठी हसऱ्या बाईचं चित्र काढत बसले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. थोडं रडूही आलं, पण मावशी समोर होती म्हणून पोहे तिखट झाल्याचं सांगितलं.

मी नादियाला फोन लावला. "मरियम नेमकं काय म्हणाली होती?"

"तीनदा मेल केला आहे तुला," नादिया म्हणाली. "ती म्हणाली, मीच विधवा लिहिलं तर त्याला शोधणारं या जगात कुणी उरणार नाही."

"आणि मी काय उत्तर दिलं होतं?"

"पत्रक पाठवते म्हणालीस."

सुभद्राकाकूंचा नवरा स्वतःच्या पायांनी निघून गेला होता, मरियमचा ओढून नेला होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. पण माझ्या फॉर्मात जागा दोघींनाही नव्हती. आणि जागा नाही म्हणून मरियमची लेकरं एक तारखेपासून उपाशी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा ज्वारीचा डबा घेऊन मी गिरणीवर गेले. दळण हे निमित्त. पाच-सहा बाया ओळीने उभ्या होत्या, पट्टा धडधडत होता. काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"काकू, चुकलं माझं," मी म्हणाले.

"आं?"

"चुकलं माझं!"

"काय म्हनायलीस?"

"माझं चुकलं!!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि नेमकी तेव्हाच काकूंनी गिरणी बंद केली. गल्लीतला एक स्कूटरवाला थांबून बघायला लागला.

"झालं, समद्या पालमला कळलं," काकू म्हणाल्या. "टेक तितं पोत्यावर."

मी मरियमची सगळी हकिकत सांगितली. ऐकताना काकूंच्या हातातलं पीठ तसंच मुठीत राहिलं.

"अन् आता तिला धान्य मिळंना?"

"नवऱ्याच्या अंगठ्याशिवाय नाही."

"धान्य शिजवतंय कोन?"

"तीच."

"मंग अंगठा तिचा घ्या की. हितं बाया दळान घिऊन येतात. नवरा हाय का गेला, मी कुनाला इचारते का? डबा कुनाचा अन् जाडं पायजे का बारीक, एवढंच इचारते."

"पण काकू, ज्यांचे नवरे आहेत, त्या नवऱ्यांनी एकट्यानं धान्य उचललं तर?"

"मंग समद्या बायांचा एकलीचाच घ्या. नवरा दळान घिऊन येतो का कधी?"

ओळीतल्या बाया हसल्या. दोघांचे अंगठे ही माझी कल्पना लई पुढारलेली आहे अशी माझी समजूत होती. त्या हसण्यात ती विरघळली.

"अन् इचारायचंच असंल," काकू जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तर आज घरी हायत का, एवढं इचारावं. आज न्हाईत, असं म्हनता येतं बाईला."

मी घरी येऊन एरिकला फोन केला.

"वैवाहिक स्थितीचा प्रश्न काढायचा आहे."

"काढता येणार नाही. डोनरला विधवांची संख्या लागते." डोनर म्हणजे या सगळ्याला पैसे देणारे.

"ती नंतर वेगळ्या सर्व्हेत घेऊ. धान्याला ती अट नको."

"हे टेस्टमध्ये निघालं का?"

"हो. एक बाई टेस्ट सोडून गेली. मी तिला विधवा केलं."

"आणि ती विधवा नाही?"

"ते तिलाही माहीत नाही, एरिक. तोच तर प्रश्न आहे."

त्याने हे लिहून घेतलं. मग म्हणाला, "ही बाई कॅम्पाच्या कुठल्या भागातली?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पालम."

"ते कुठे आलं?"

"परभणी जिल्ह्यात. माझी मावशी राहते तिथं."

यावर जी शांतता पसरली तिच्यात मी दुसरी नोकरी शोधली, मुलाखत दिली आणि नापासही झाले. पण एरिक माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "तुझ्या मावशीच्या गावाचं ऐकून फॉर्म बदलता येणार नाही. मरियमला विचार. आजच."

नादियाने दुपारीच मरियमला आणि परत गेलेल्या बाकीच्या बायकांना बोलावलं. नवरा सध्या इथे आहे का, असं विचारलं तर चालेल का? चालेल म्हणाल्या. बाईचा एकटीचा अंगठा? तोही चालेल. मात्र मरियमने त्यात एक दुरुस्ती केली. ती म्हणाली, "मी आजारी पडले तर धान्य कुणी आणायचं? दुसरं नाव मी सांगेन ते लिहा." मला हे सुचलं नव्हतं, काकूंनाही नव्हतं. एरिकनेही हे सगळं मान्य केलं. तेलाचा जादा डबाही आता विधवेला नाही, तर जिथं एकटी बाई लेकरांना सांभाळते त्या घराला ठरला. कॅम्पातल्या काही नवऱ्यांनी दोन दिवस टेबलापुढे आरडाओरडा केला. नादियाने तो ऐकून घेतला आणि अंगठे घेत राहिली.

एक तारखेच्या दोन दिवस आधी तिचा मेसेज आला. मरियमचं कार्ड झालं होतं.

फॉर्म आता एका पानाचा आहे. प्रत्येक प्रश्नापुढे मी पेन्सिलीने लिहून बघते, हे कळल्यावर आपण काय करणार? उत्तर 'रिपोर्टात घालणार' एवढंच आलं की प्रश्न खोडते. ऑफिसने वर्षअखेरीच्या बैठकीत 'ग्रामीण महिलांच्या सहभागातून तयार केलेले अभिनव साधन' म्हणून माझं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी बुटांकडे बघत होते.

पण हे नंतरचं. एक तारीख उलटल्यावर, सुट्टी संपवून पालमहून निघायच्या दिवशी मी काकूंना सांगायला गिरणीवर गेले.

"मिळालं का तिला धान्य?" त्यांनी विचारलं.

"मिळालं."

"अन् त्यो? काई पत्ता?"

"नाही काकू, अजून नाही."

काकूंनी हात पदराला पुसले. "तिला म्हनावं..." एवढं बोलून त्या थांबल्या. बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. काई म्हनू नगंस. तिला कळतंय समदं."

मी मरियमला कुठलाही निरोप दिला नाही. चौदा वर्षांच्या नोकरीत कुणाला काही समजावून न सांगता मी पार पाडलेलं हे पहिलंच काम.