व्हर्नाच्या बैठकीच्या खुर्च्या

व्हर्ना ट्याडेनच्या दिवाणखान्यात दर दोन वर्षांनी मयताच्या खुर्च्या येत. यात दचकण्यासारखं काही नाही. आयोवातल्या आमच्या एवढ्याशा गावात घडीच्या खुर्च्या होत्या त्या एकट्या लेलंड क्रूगकडे, आणि क्रूगचा धंदा अंत्यविधीचा. हिवाळ्यात रिपब्लिकन पक्षाची गावची बैठक व्हर्नाच्या घरी भरायची, तेव्हा क्रूग आपल्या लांबड्या काळ्या गाडीतून खुर्च्या आणून टाकायचा. प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'क्रूग आणि पुत्र'. पुत्र कधीच डेन्व्हरला पळाला होता, पण रंग काही निघाला नव्हता.

"बसा, बसा," क्रूग येणाऱ्याला म्हणायचा, "सवय झालेली बरी."

व्हर्ना पक्षाची गावप्रमुख. पगार नाही, मान म्हणाल तर जिल्ह्याच्या अधिवेशनात पुढच्या रांगेत जागा. सरकारने माणसाच्या खिशात हात घालू नये आणि घरात नाक खुपसू नये, एवढंच तिचं राजकारण, आणि ते तिने कधी बदललं नाही. चौसष्ट साली राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या ॲरिझोनाच्या सिनेटरसाठी ती दारोदार फिरली. सिनेटर असा आपटला की विचारू नका. गावाने तिला यथेच्छ हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ही बाई कोटावर त्याचा बिल्ला तसाच लावून वाणसामानाच्या दुकानात हजर.

"व्हर्ना, निवडणूक संपली," दुकानदार म्हणाला.

"कोण म्हणतं?" ती म्हणाली आणि अंडी मागितली.

ऐंशी साली तिचे दिवस आले. कॅलिफोर्नियाचा तो सिनेमातला माणूस उभा होता आणि जो तो तिचीच जुनी वाक्यं नवी असल्यासारखी बोलत होता. त्या हिवाळ्यात तिच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. क्रूगच्या खुर्च्या संपल्या, लोक जिन्यावर बसले. तिचा नवरा मर्ल दारात उभा राहून कोट घेत होता आणि आतल्या पलंगावर रचत होता. सगळे गेल्यावर दोघं झोपायला गेली, तर एवढ्या कोटांखाली पलंग छान उबदार झालेला. ती ऊब तिला पुढे फार आठवायची.

मर्ल गेला. मुलगी ह्यूस्टनला, रविवारी फोन करायची, हवापाणी विचारायची. शहाऐंशीच्या बैठकीला जेमतेम पाच माणसं आली. पक्ष जिंकला होता ना. जिंकलेल्यांना बैठका कशाला लागतात?

"व्हर्ना, सोफा पुरेल," क्रूग म्हणाला.

"सगळ्या मांड."

त्याने सगळ्या मांडल्या. पाच जणांनी ढीगभर रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून खोकत खोकत ठराव केले. उरलेले लिंबाचे केक व्हर्ना आठवडाभर एकटी खात होती. आता खरं सांगायचं तर तिला राजकारण नको होतं असं नाही, पण त्याहून तिला ते घर भरायला हवं होतं. वर्षाचे बाकीचे दिवस तिच्या दाराची घंटा वाजायची ती फक्त चुकलेल्या पार्सलवाल्याच्या हातून.

म्हणून अठ्ठ्याऐंशीच्या बैठकीआधी ती स्वतः मोटार काढून हमरस्त्यावरच्या नव्या चर्चला गेली. चर्च कसलं, पूर्वी तिथे पोरं चाकांचे बूट घालून गोल गोल फिरायची ती पत्र्याची शेड. आमच्या जुन्या लुथरन चर्चच्या मंडळींनी तिकडे पाहून नाक मुरडलं होतं. व्हर्ना मात्र लिंबाच्या केकचा डबा घेऊन सरळ आत शिरली. समोर डेनीस रोल्फ्स नावाची तरणी बाई तान्हं कडेवर घेऊन उभी होती.

"तुम्ही लोक बैठकीला का येत नाही?" व्हर्नाने विचारलं.

"आम्हाला कुणी कधी बोलावलंच नाही, मिसेस ट्याडेन."

"मग मी बोलावतेय ना आता."

"खरंच येऊ?" डेनीसचे डोळे चमकले. "आम्हाला पुष्कळ बोलायचंय. न जन्मलेल्या लेकरांबद्दल. शाळेतल्या प्रार्थनेबद्दल. पण आम्ही बरेच जण आहोत हं."

"अगं, तेच तर हवंय," व्हर्ना म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

ते आले. व्हॅनच्या व्हॅन भरून आले, बूट झटकून, लेकरं काखेत मारून आले. क्रूगच्या खुर्च्या पुन्हा संपल्या. व्हर्ना दारात उभी राहून कोट घेत होती, मर्ल घ्यायचा तसे, आणि पलंगावरचा ढीग वाढत होता. तिचे गाल लाल झाले होते. क्रूगच्या कानाशी लागून ती म्हणाली, "बघ! आणि तू म्हणत होतास सोफा पुरेल."

आधी एका माणसाने डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. आमच्यात बैठकीला प्रार्थना नसते, पण व्हर्नाने मान लववली. मग ठराव आले. बायकांच्या पोटात काय चाललंय ते सरकारने पाहावं, असा एक होता.

"सरकारने घरात नाक खुपसू नये म्हणून मी पंचवीस वर्षं ओरडतेय," व्हर्ना म्हणाली.

"हे घराचं नाही, मिसेस ट्याडेन. हे देवाचं आहे," डेनीस अगदी मऊपणे म्हणाली. आणि तिच्या त्या मऊपणाशी भांडायचं कसं, ते व्हर्नाला कळेना.

मग त्याच प्रार्थनेवाल्याने गावप्रमुख म्हणून डेनीसचं नाव सुचवलं. जुन्यांपैकी कुणीतरी व्हर्नाचं. चिठ्ठ्या वाटल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्या गावात उमेदवाराने स्वतःचं नाव लिहायचं नसतं. ताटातला मोठा तुकडा स्वतः उचलण्यासारखं असतं ते. समोरच्याचं नाव लिहायचं, समोरचा तुमचं लिहितो, फिट्टंफाट. आजवर व्हर्नासमोर जो जो उभा राहिला, त्याने हे न सांगता पाळलं होतं. ही रीत कुठे लिहून ठेवलेली नाही, आणि हमरस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडपर्यंत ती कुणी पोचवली नव्हती. व्हर्नाने आपल्या गोल गोल अक्षरात 'डेनीस रोल्फ्स' लिहिलं आणि चिठ्ठी घडी घालून टोपीत टाकली.

चिठ्ठ्या क्रूगने मोजल्या. नव्या लोकांतलेही काही व्हर्नाच्या बाजूने पडले असावेत, केकचा गुण म्हणा, कारण ढीग दोन्हीकडे सारखेच चढत गेले. मग एका चिठ्ठीशी तो थबकला. ते अक्षर तो जन्मभर नाताळच्या कार्डांवर वाचत आला होता. त्याने मोजणी संपवली, पुन्हा एकदा मोजलं आणि ती चिठ्ठी हातात धरून स्वयंपाकघरात व्हर्नापाशी आला.

"एका मताने डेनीस," तो हळूच म्हणाला. "पण ही एक चिठ्ठी मला नीट लागत नाही. चष्मा जुना झालाय. जिने लिहिली तिने पुन्हा लिहून दिली, तर कुणी काही म्हणणार नाही."

व्हर्नाने चिठ्ठीकडे पाहिलं. बाहेर तिच्या घरात माणसं बोलत होती, हसत होती, एक बाळ रडत होतं. तिला गावप्रमुखाची ती जागा हवी होती. फार हवी होती.

"मला लागते," ती म्हणाली. "डेनीस लिहिलंय."

डेनीसने येऊन तिला कडकडून मिठी मारली. "तुमच्यामुळे झालं हो हे सगळं! आणि आता तुम्हाला त्रास नाही. पुढची बैठक आमच्या चर्चच्या सभागृहात. खुर्च्या आमच्याच आहेत, गाड्या लावायला जागा आहे. तुम्ही निवांत यायचं नि बसायचं."

प्रमुखपद गेलं ते व्हर्नाने तोवर पचवलं होतं. हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती म्हणाली, "हो का. छानच." त्या बायकांनी मग तिला काही म्हणता काही करू दिलं नाही. कपबशा विसळल्या, पातेली घासून पुसून फळीवर लावली, मोरीसुद्धा लखलखीत केली. उद्या सकाळी करायला तिला एक चमचाही ठेवला नाही. कोट उचलून ते गेले. ती पलंगावर हात ठेवून बसली, ऊब निघून जाईपर्यंत.

सकाळी क्रूग खुर्च्या न्यायला आला.

"घाई आहे?" तिने विचारलं. "राहू दे की आजचा दिवस."

"अकराला म्हातारा योहान्सन आहे. लागतील."

दोघं मिळून खुर्च्या मिटू लागली. मग क्रूगला राहवलं नाही.

"कशाला गं तिचं नाव लिहिलंस? तिने स्वतःचंच लिहिलं असणार, तुला कळत नव्हतं?"

"मला वाटलं, ती माझं लिहील," व्हर्ना म्हणाली. "लेलंड, तिने माझी पातेली घासली."

क्रूगने शेवटच्या खुर्च्या गाडीत सरकवल्या आणि टोपी नीट करत उभा राहिला. दर वेळी निघताना तो म्हणायचा, "दोन वर्षांनी भेटू." आज ते वाक्य त्याच्या तोंडात अडलं. ते तिला दिसलं.

"आता या खुर्च्या इथे यायच्या त्या एकदाच," ती म्हणाली. "तेव्हा कॉफी तुला करावी लागेल."

"व्हर्ना, सकाळी सकाळी असलं बोलू नये."

"वा, धंदा तुझा आणि भितोस तूच!" ती हसली. मग दाराच्या चौकटीला धरून, थंडीत तशीच उभी राहून, तिने त्याला पुन्हा हाक मारली.

"आणि लेलंड, सगळ्या मांड हं. किती का माणसं येईनात, सगळ्या मांड."