मामींनी पेरलेली सरकी

मॅट्रिकच्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती: अमरावतीला जाऊन शास्त्र शिकायचं. वडील अकोल्यात वकिली करत. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस आण. मग बघू." मुलीला वसतिगृहात ठेवायचं तर त्यांना पुरावा लागत होता. मी म्हटलं, आणते. माझा स्वभाव तेव्हाही असाच. जमेल का, हा विचार नंतर.

आमच्या शाळेत दर शनिवारी शेतकी कॉलेजातले एक तरुण सर सायकल हाणत यायचे आणि आम्हा काही मुलामुलींकडून प्रयोग करून घ्यायचे. कुणी काही ठोकून दिलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: "कशाशी ताडून पाहिलंस?" या एका प्रश्नाने त्यांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. आज मीही लोकांना तोच विचारते, आणि लोक माझ्यावर वैतागतात.

प्रयोगातली माझी जोडीदारीण बार्शीटाकळीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकायला मामाकडे राहिलेली. विषय तिचाच. सरकीला, म्हणजे कपाशीच्या बियांना, लव असते. बिया एकमेकींत गुंतू नयेत म्हणून आमच्याकडे पेरण्याआधी त्या शेणमातीत चोळतात. पण शेणाने त्या लवकर उगवतातही का? सरांनी दोन खोकी करायला सांगितली. एकात शेण लावलेली सरकी, दुसऱ्यात न लावलेली. माती, ऊन, पाणी सगळं सारखं. खोकी तिच्या मामाच्या अंगणात ठेवली आणि पेरायचं सकाळच्या गारव्यात आणि आमची शाळाही सकाळची, म्हणून ते काम मामींवर सोपवलं.

दोन्ही खोकी एकदमच उगवली. मी तर हवेतच. शेणाचा उगवणीशी काडीचा संबंध नाही, हे सगळ्या वऱ्हाडात पहिल्यांदा मीच सिद्ध केलं होतं! ठळक अक्षरात तक्ता रंगवला आणि सरांपुढे धरला. सरांनी तो पूर्ण वाचला आणि विचारलं, "पेरलं कोणी?"

आम्ही सरांसोबत मामींकडे गेलो. मामी ज्वारी पाखडत होत्या.

"मामी, दुसऱ्या खोक्यातली सरकी तुम्ही तशीच पेरली ना?" मी विचारलं.

"नागडी सरकी कोनी मातीत टाकते काय वो पोरी? मले नाई पाहवलं. म्या दोन्हीले बी शेण लावलं. तुमची सरकी जगली पाह्यजे ना!"

सर खो खो हसले. मला रडू फुटलं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, नव्याने पेरून उगवायला वेळच नव्हता.

"सांगाले कोन जाते? तू चूप राह्य ना," जोडीदारीण माझ्या कानाशी म्हणाली.

"प्रदर्शनाला जायचं की नाही, तुम्ही ठरवा," सर म्हणाले. "गेलात तर खरं लिहून जा."

घरी येऊन मी तक्त्यावरचा निष्कर्ष खोडला आणि खाली लिहिलं: दोन्ही खोक्यांतल्या सरकीला शेण लागलं, त्यामुळे तुलना झाली नाही. मामींचा राग आला होता, पण अक्षर मात्र झोकात काढलं.

अमरावतीला वडील आमच्यासोबत आले. परीक्षकांनी तक्ता वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मग हे इथे आणलंत कशाला?"

"कुठे चुकलं ते आम्हाला कळलंय, म्हणून," मी म्हटलं. "या मांडवात असं सांगणारं दुसरं कोण आहे?"

ते नुसतं "हं" म्हणून पुढे गेले. वडील माझ्या मागेच उभे होते. बक्षीस पुठ्ठ्याच्या धरणाला मिळालं. त्यात दिवा लागत होता.

परतीच्या गाडीत जोडीदारीण रागाने पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. वडील खिडकीबाहेर बघत बसलेले. माझं शास्त्र संपलं, असंच मी धरून चालले होते. वाईट फार वाटत होतं, पण लिहिलेलं एक अक्षरही मागे घ्यावंसं वाटत नव्हतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली. वडिलांनी भजी घेतली आणि पुडा माझ्यापुढे धरला.

"उलटतपासणीत टिकलीस," ते म्हणाले.

गाडी सुटली. एक भजं संपवून त्यांनी रुमालाला हात पुसले.

"आईला सांग, वसतिगृहासाठी नवी गादी भरून घे. आणि पिंजाऱ्याला म्हणावं, सरकी नीट काढ. टोचते."