दादा की डेटा

सहा मार्च. आजचं काम: नावांची यादी साफ करणे.

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तीन ठिकाणी बसून बनतं: नवीन पनवेल, पोलंड आणि ब्राझील. वर्षातून एकदा सगळ्यांना एक प्रश्न येतो, ‘काम अडलं की कोणाला विचारता?’ उत्तरांवरून संगणक नकाशा काढतो. माणूस म्हणजे ठिपका, विचारणं म्हणजे रेघ. लोक नावं वाटेल तशी लिहितात. ती सुधारायची आणि जी माणसांची नाहीत ती उडवायची, हे काम माझ्याकडे. आज यादीत ‘दादा’ एकोणीस वेळा आले. दादांनी कंपनी सोडून आठ महिने झालेत.

‘जेवलात का?’ हे त्यांचं पहिलं वाक्य, मग समोर काहीही पेटलेलं असो. उरणच्या कोळ्याघरचा हा माणूस, आता पनवेललाच राहणारा. वीस वर्षं बंदरावर एका पाळीचं अर्धवट काम दुसऱ्या पाळीच्या हाती देण्यात गेलेली. आमच्याकडेही तेच करायचे. संध्याकाळी पनवेलचं उरलेलं काम पोलंडच्या हवाली. फोन लागला की आधी ‘यू एट?’ पोलंडच्या मुलीला वाटलं, ही इथली रीतच असेल. तिने हँडओव्हरच्या तक्त्यात रकाना घातला: जेवण झाले, होय किंवा नाही. तो रकाना अजून आहे.

मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, तरी दादाच म्हणायची. सगळेच म्हणायचे. पोलंडसुद्धा.

नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती. करार पुढे चालावा एवढंच त्यांचं मागणं. ‘बंदरावर वीस वर्स डबा खाल्ला, ताई. आता दुपारी घरी जाऊन गरम जेवतो. यापेक्षा मोटी बढती नाय.’

गेल्या वर्षी तो प्रश्न आला तेव्हा त्यांनी उत्तरात झाडून सगळ्यांची नावं लिहिली. चाळीस.

‘दादा, ही लग्नपत्रिका नाही,’ मी म्हटलं.

‘येकाचा नाव राहिला तं रुसतंय मानूस.’

मग मी यादी साफ करायला बसले. त्यात इंग्रजीत ‘दादा’ एकतीस वेळा होतं. मी ते ‘डेटा’ वाचलं. इंग्रजीत एका अक्षराचा तर फरक. मला वाटलं, अडलं की लोक आकडेवारी बघतात. सवय चांगली आहे, स्पेलिंग कच्चं आहे. माणूस नाही म्हणून एकतीसही उडवले.

नकाशा निघाला. दादांचा ठिपका पार कोपऱ्यात. चाळीस रेघा बाहेर जाणाऱ्या, आत येणारी एकही नाही. परदेशातले आमचे साहेब म्हणाले, हा माणूस सगळ्यांना विचारतो, याला कोणीच विचारत नाही. करार वाढवू नका.

दादांना सांगायची पाळी माझ्यावर आली. ते नकाशा बघत राहिले.

‘माजा ठिपका कुटं?’

‘कोपऱ्यात.’

‘बरा हाय. कोपऱ्यात पंखा लागतो.’

त्या दुपारी ते घरी जेवायला गेले नाहीत. खुर्चीतच बसून राहिले. मी पाहिलं आणि आपल्या कामाला लागले.

संध्याकाळी पोलंडच्या मुलीने विचारलं, ‘मी दादा लिहिलं होतं. नकाशात दादा कुठे आहे?’ मी उडवलेली यादी पुन्हा उघडली आणि या वेळी अक्षर अक्षर वाचली. लाज वाटायला वेळ नव्हता. एकतीस रेघा परत घातल्या आणि नवा नकाशा काढला. मधोमध दादा, भोपळ्याएवढे.

मी खुशीत त्यांना दाखवायला गेले. ते हसले नाहीत.

‘जाल्यात मधी असतो तो मासा, ताई. धरनारा कडंला उभा राहतो.’

साहेबांचं उत्तर आलं: सगळं काम एकाच माणसावरून जातं? धोक्याचं आहे. त्याला काय येतं ते तीन महिन्यांत लिहून घ्या, मग त्याची गरज उरणार नाही.

आधी रेघा नाहीत म्हणून काढत होते, आता रेघा फार म्हणून काढलं.

दादांनी दीड पान लिहून दिलं. ‘पोलंडची पोरगी सोमवारी सासूकडं जेवते. मंगळवारी तिला कठीण काय विचारू नका.’ ‘ब्राझीलवाला हो बोलला तं परत विचारा.’ साहेबांना त्यात तांत्रिक असं काही सापडलं नाही. जुलैत दादा गेले. कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या एका ऑफिसात लागले. पुन्हा डबा.

आणि आज हे एकोणीस. मी पोलंडला विचारलं. ‘हो, अजून दादांनाच फोन करते,’ ती म्हणाली. ‘जेवलीस का विचारतात, मग अडलेलं सुटतं.’

नियमाने दादा आता कंपनीचे नाहीत, तेव्हा उडवायला हवेत. मी उडवले नाहीत. चौकटीबाहेर एक ठिपका काढला, एकोणीस रेघा त्याला जोडल्या आणि नकाशा पाठवला. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, हा कोण? मी लिहिलं, आपण काढलेला माणूस. तासाभराने उत्तर आलं: परत येतो का विचारा.

सात मार्च. सकाळी आठला फोन लावला.

‘दादा, महत्त्वाचं बोलायचंय.’

‘नाष्टा केलात?’

‘नाही, पण ऐका तर—’

‘आदी खा. मंग फोन करा.’ फोन ठेवलाही.

मी ओट्याशी उभ्यानेच पोहे खाल्ले, हात धुतले आणि पुन्हा फोन लावला. लाइन बिझी. ब्राझील असणार. तिकडे यावेळी रात्रीची जेवणं झालेली असतात.