वन्संनी केलेला पाव

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पाववाल्या काकू बेकरी चालवतात. नवरा गेल्यावर भट्टी त्यांनी एकटीनं सांभाळली, आणि गेली बावीस वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटतात तो प्रभुभोजनाचा पावही त्यांच्याच हातचा. कापसासारखा मऊ. पाळकसाहेबांनी नुसता हात लावला की दोन तुकडे.

एक गोष्ट मात्र काकूंनी कुणाला सांगितली नव्हती. सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे तेव्हा त्या एक डोळा किलकिला करून पावाकडे बघायच्या. डावी कड जरा जास्त भाजली का? आतून जाळी नीट पडली का? तुकडा तोंडात गेला की जीभ लगेच निकाल देऊन मोकळी. ख्रिस्ताचा विचार करायला सवडच व्हायची नाही.

अशात एका शुक्रवारी त्या बेकरीत सांडलेल्या तेलावरून घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "काळजी करू नका, या वेळी दुकानातून आणू."

काकू ताडकन उठून बसल्या. "त्या कोपऱ्यावरच्या? अहो, तो पाव नाही, स्पंज आहे!"

काकूंच्या थोरल्या नणंदबाई शेजारी बसून शर्टाला काजं करत होत्या. त्यांचा सगळा जन्म शिवणकामात गेलेला. मान वर न करता म्हणाल्या, "मी करते. पीठ मळायला काय मोठी अक्कल लागते?"

"वन्सं, तुम्ही आयुष्यात कधी..."

"तू पड गप."

शनिवारी दुपारी वन्संनी बेकरीचं दार आतून लावून घेतलं. काकू बाहेर स्टुलावर.

"पीठ फुगलं का?"

"फुगेल!"

"मीठ घातलं का?"

"घातलं की." लगेच पाठोपाठ, "थांब, घातलं का?"

आत डबा उघडल्याचा आवाज आला, आणि काकूंनी कपाळाला हात लावला.

रविवारी पांढऱ्या कापडाखालून जे निघालं, त्याला पाव म्हणायला मन धजेना. पाळकसाहेबांनी ते दोन्ही हातांनी उचललं. प्रभूनं त्या शेवटच्या जेवणाला भाकर घेतली, आभार मानले, आणि ती मोडली, असं ते दर वेळी सांगतात तसं सांगू लागले. पण 'मोडली'पाशी गाडी अडली. पाव हटेना. पाळकसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याच्या आडून हसून घेतलं. आणि मग काटकन आवाज झाला, अगदी दारापर्यंत ऐकू गेला. कापडभर चुरा उडाला.

काकू दचकल्या. बावीस वर्षं त्यांचा पाव बिनआवाज सुटत आला होता. मोडणं म्हणजे काय, ते आज कानावर आदळलं. 'हे माझं शरीर' म्हणून ख्रिस्तानं ती भाकर दिली होती; त्याचा देह असा मोडला. अलगद नाही. कुणीतरी जोर लावून मोडला, आणि त्यानं तो मोडू दिला.

त्या पुढे गेल्या, डावा हात पसरला. तुकडा तोंडात टाकला आणि सवयीनं चुका मोजू लागल्या. मीठ दुप्पट. पीठ फुगलेलंच नाही. भट्टी जास्त तापलेली. चावता चावता चुका संपल्या, तुकडा काही संपेना. आता मोजायला काही उरलं नव्हतं. उरलं ते एवढंच, की हे त्यांनी केलेलं नव्हतं, कमावलेलं नव्हतं, आणि तरी त्यांना दिलेलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

बाकावर परतल्यावर वन्सं घाबरून कुजबुजल्या, "इतका वाईट झालाय?"

"वाईटच झालाय," काकू नाक पुसत म्हणाल्या. "पण वन्सं, आज मी खाल्ला हो. इतकी वर्षं नुसता तपासत होते."

त्या दिवशी पावासोबत देतात त्या द्राक्षरसाच्या प्याल्यांत कुणी थेंब ठेवला नाही, हेही सांगायला हवं.

बाहेर पडताना काकूंनी पाळकसाहेबांना गाठलं. "मला वाटायचं, मीच देवाला पाव देते. पण उलटंच आहे की!"

"मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?"

"सांगत असाल. माझं लक्ष कुठे होतं?"

दुपारी पाळकसाहेब अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांकडे प्रभुभोजन घेऊन निघाले, तेव्हा काकूही प्लास्टर सावरत सोबत गेल्या. काकांना दात नाहीत. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, काकूंनी तुकडा रसात बराच वेळ भिजवला.

काकांनी तो निरखून पाहिला. "हा तुझ्या हातचा दिसत नाही."

"नाही. पण तुमच्यासाठीच आहे."

काकांनी जरा विचार केला. "मग दे," म्हणाले, आणि तोंड उघडलं.